व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय? विंडोज न पुसता लिनक्स वापरून बघा

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चे नियमित सुरक्षा अपडेट थांबवले. पालघर-बोईसरमधल्या घरी तुमचा जुना लॅपटॉप असेल आणि त्यात टीपीएम २.० नसेल, तर तो विंडोज ११च्या अटींत बसत नाही. तरी लगेच भंगारात काढू नका, लिनक्स बघा.

व्हर्च्युअलबॉक्स हे मोफत सॉफ्टवेअर तुमच्याच संगणकाची थोडी रॅम आणि डिस्क वापरून आत दुसरा संगणक उभा करते. तोच व्हर्च्युअल मशीन. त्यात लिनक्स मिंट किंवा सी-डॅकची ‘बॉस’ टाका. मराठी इनस्क्रिप्ट टायपिंग जमते का, बघा. काही बिघडले तर ते मशीन डिलीट करा. मूळ विंडोज आणि फोटो जागेवर राहतात. 

पण लॅपटॉपचे वाय-फाय लिनक्सवर चालेल का, हे यात कळत नाही. शिवाय ४ जीबी रॅमवर दोन प्रणाली रडतखडतच चालतात. अशा वेळी पेनड्राइव्हवरून ‘लाइव्ह’ लिनक्स सुरू करणे बरे. ‘इन्स्टॉल’ दाबेपर्यंत डिस्कवर काही लिहिले जात नाही.