मेंढपाळाचा वाटा

कोणी जिवावर उदार होऊन दुसऱ्याचे मूल वाचविले, की समाज त्याला व्यासपीठावर बोलावतो. शाल, श्रीफळ, मानपत्र आणि टाळ्या ही कृतज्ञतेची आपली रूढ भाषा आहे. ती चुकीची आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु सत्कार नेमका कशाचा होतो, धाडसाचा की यशाचा, आणि समारंभ संपल्यावर त्या माणसाचे पुढे काय होते, हे प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. ते विचारायला लावणाऱ्या दोन घटना गेल्या शतकात घडल्या. दोन्ही ठिकाणी विहीर होती, विहिरीत एक लेकरू होते आणि ते काढण्यासाठी धावलेली माणसे होती.

त्या घटनांकडे वळण्यापूर्वी एका जुन्या परंपरेचे स्मरण करणे उचित ठरेल. रोमन सैन्यातील अधिकारी संत फ्लोरियन यांना ख्रिस्तश्रद्धेपायी इ. स. ३०४ च्या सुमारास, आजच्या ऑस्ट्रियातील एन्स नदीत, गळ्यात दगड बांधून बुडविण्यात आले असे परंपरा सांगते. पाण्यात प्राण दिलेला हा रक्तसाक्षी पुढे आगीशी झुंजणाऱ्यांचा आश्रयदाता संत ठरला. ४ मे हा त्यांचा सण. युरोपातील अनेक खेड्यांत स्वयंसेवी अग्निशामक दले त्यांना आपला संत मानतात. चिलीतील वाल्पारायसो बंदरात १८५१ मध्ये आणि पोर्तुगालच्या लिस्बन शहरात १८६८ मध्ये अशी स्वयंसेवी दले उभी राहिली. चिलीत तर अग्निशामक आजही वेतन घेत नाहीत. एरवी आपापला व्यवसाय करणारा माणूस घंटा वाजताच हातचे काम टाकून धावतो. ज्याला पगार नाही, त्याला समाज मान देतो. म्हणूनच हा मान कसा द्यावा, याचा विचार अगत्याचा आहे.

पहिली घटना इटलीतील. रोमजवळच्या फ्रास्काती परिसरात व्हर्मिचिनो नावाचे गाव आहे. १० जून १९८१ रोजी संध्याकाळी आल्फ्रेदो राम्पी हा सहा वर्षांचा मुलगा शेतांतून एकटाच घराकडे निघाला, तो घरी पोहोचलाच नाही. शोधाशोध सुरू झाली. वाटेतील एका कूपनलिकेवर पत्रा झाकलेला दिसल्याने तिकडे प्रथम कोणाचे लक्ष गेले नाही. मूल आत असल्याची कल्पना नसलेल्या जमीनमालकानेच तो पत्रा नंतर टाकला होता. मध्यरात्रीच्या सुमारास एका पोलीस अधिकाऱ्याने आग्रहाने तो पत्रा काढविला, तेव्हा आतून रडण्याचा आवाज आला. त्या कूपनलिकेचे तोंड अवघे २८ सेंटिमीटर रुंद होते आणि खोली ८० मीटर. मूल ३६ मीटरवर अडकले होते.

सुरुवातीलाच एक फळी दोराने आत सोडण्यात आली. हेतू असा, की मुलाने ती धरावी. ती मध्येच अडकून बसली आणि वरून मुलापर्यंत जाण्याची वाट बंद झाली. मग शेजारी दुसरा खड्डा खणण्याचे काम सुरू झाले. त्या काळात नान्दो ब्रोल्यो हा अग्निशामक ध्वनिक्षेपकावरून तासन्‌तास त्या मुलाशी बोलत राहिला. खणण्याइतकेच ते काम मोलाचे होते. अंधारातल्या लेकराला आपण एकटे नाही हे कळावे, एवढाच त्याचा उद्देश. इटलीचे राष्ट्राध्यक्ष सान्द्रो पेर्तिनी स्वतः तेथे येऊन थांबले. सरकारी दूरचित्रवाणीने सुमारे १८ तास सलग थेट प्रक्षेपण केले. सारा देश त्या एका भोकाकडे डोळे लावून बसला होता.

परंतु खोदकामाच्या हादऱ्यांत मूल आणखी खाली, सुमारे ६० मीटरवर घसरले. आता एकच उपाय उरला. कोणीतरी सडपातळ माणसाने त्या नळीत शिरायचे. आंजेलो लिकेरी नावाचा, मूळचा सार्डिनिया बेटावरचा, ३७ वर्षांचा बारीक चणीचा माणूस पुढे झाला. तो अग्निशामक नव्हता, की गुहांत उतरण्याचा सराव असलेलाही नव्हता. १२ आणि १३ जूनच्या मधल्या रात्री त्याला डोके खाली करून आत सोडण्यात आले. त्या स्थितीत २५ मिनिटांपेक्षा अधिक राहणे धोक्याचे मानले जात होते. लिकेरी ४५ मिनिटे राहिला. तो मुलापर्यंत पोहोचला, त्याच्याशी बोलला, त्याच्या तोंडावरचा चिखल पुसला. पट्टा बांधण्याचा त्याने पुनःपुन्हा प्रयत्न केला, पण पट्टा निसटत राहिला. हात धरून ओढले तर चिखलाने हात निसटले. अखेर त्याला रिकाम्या हातांनी वर यावे लागले. त्याच्यानंतर दोनातो कारूझो हा स्वयंसेवक उतरला, त्यालाही यश आले नाही. १३ जूनच्या सकाळी सारे संपल्याचे जाहीर झाले. मुलाचे शव ११ जुलै रोजी खाणकामगारांनी बाहेर काढले.

दुसरी घटना अमेरिकेतील. टेक्सास राज्यातील मिडलंड शहरात १४ ऑक्टोबर १९८७ रोजी जेसिका मॅक्लूर ही १८ महिन्यांची मुलगी मावशीच्या परसातील विहिरीत पडली. विहिरीचे तोंड सुमारे ८ इंचांचे, मुलगी सुमारे २२ फुटांवर. मिडलंड हे तेलविहिरींचे शहर, त्यामुळे खोदकाम जाणणारी माणसे आणि यंत्रे धावून आली. समांतर खड्डा घेतला गेला, परंतु कठीण खडकातून आडवा बोगदा काढताना हत्यारे बोथट होऊ लागली. पाण्याच्या प्रचंड दाबाने खडक कापणारे यंत्र आणावे लागले. ५८ तासांनी, १६ ऑक्टोबरच्या संध्याकाळी, अग्निशामक दलाचा वैद्यकीय साहाय्यक रॉबर्ट ओ'डॉनेल त्या अरुंद बोगद्यातून सरपटत आत गेला आणि त्याने मुलीला अलगद सोडविले. स्टीव्ह फोर्ब्स या सहकाऱ्याने तिला वर आणले. त्या क्षणाच्या छायाचित्राला १९८८ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले.

ओ'डॉनेलच्या वाट्याला मिरवणूक, सन्मान, मुलाखती असे सारे आले. पुढे तेही ओसरले. त्या बोगद्याची आठवण मात्र ओसरली नाही. त्याला तीव्र डोकेदुखी जडली, औषधांचा आधार वाढत गेला, नोकरी गेली, संसार मोडला. एप्रिल १९९५ मध्ये ओक्लाहोमा शहरातील बॉम्बस्फोटानंतरचे मदतकार्य दूरचित्रवाणीवर पाहताना, या मदतनीसांना पुढे दीर्घकाळ आधार लागेल, असे तो आपल्या आईला म्हणाला. त्यानंतर काही दिवसांतच त्याने स्वतःचे जीवन संपविले. त्याचे वय ३७ होते. लिकेरी विहिरीत उतरला तेव्हा त्याचेही वय तेवढेच होते.

एकाला यश आले नाही, एकाला आले. दोघांनी केलेले कृत्य मात्र एकच होते. जिथे दुसरे कोणी जाऊ शकत नव्हते तिथे ते गेले. मूल वाचणे हे सर्वस्वी त्यांच्या हाती नव्हते, खाली उतरणे मात्र होते. सत्कार जर केवळ यशाचा असेल, तर लिकेरीला आपल्याजवळ द्यायला काहीच उरत नाही. आणि ओ'डॉनेलला आपण जे दिले ते पुरेसे नव्हते, हे त्याच्या मृत्यूने दाखवून दिले.

येथे लूकच्या शुभवर्तमानातील हरवलेल्या मेंढराचा दाखला आठवतो. आपण त्यातील मेंढराकडे पाहतो, मेंढपाळाच्या शोधाकडे पाहतो. तो घरी आल्यावर काय घडते, याकडे आपले दुर्लक्ष होते. कोणी त्याला हार घालीत नाही. तोच मित्रांना आणि शेजाऱ्यांना एकत्र बोलावतो आणि आपल्या आनंदात सहभागी व्हायला सांगतो. मेंढपाळाचा वाटा हा असा आहे. तो व्यासपीठावर एकटा उभा नाही, तो शेजाऱ्यांमध्ये बसला आहे. आनंद वाटून घेणारे शेजारीच उद्या त्याचे भयही वाटून घेऊ शकतात. रिकाम्या हातांनी परतलेल्या मेंढपाळाला तर अशा शेजाऱ्यांची अधिकच गरज असते.

शेजारधर्माचे आणखी एक अंग आहे. मुलाची आई फ्रांका राम्पी यांनी दुःखाला कार्याचे रूप दिले. आपत्तीत कसे वागावे याचे शिक्षण देणारे केंद्र मुलाच्या नावाने १९८१ मध्येच उभे राहिले. नोव्हेंबर १९८० च्या दक्षिण इटलीतील भूकंपाने आणि पाठोपाठ व्हर्मिचिनोने देशाची विस्कळीत बचावव्यवस्था उघडी पाडली होती. १९८२ मध्ये तेथे नागरी संरक्षणाचा स्वतंत्र विभाग झाला आणि १९९२ च्या कायद्याने राष्ट्रीय सेवा आकारास आली, तिच्यात स्वयंसेवकांना अधिकृत स्थान मिळाले. लिकेरीचे निधन २०२१ मध्ये झाले. त्याने ज्या मुलाला हाताशी धरले होते ते वाचले नाही, परंतु त्या रात्रीपासून एक देश शिकला.

आपणही अशाच घटनांतून गेलो आहोत. हरियाणातील कुरुक्षेत्र जिल्ह्यात जुलै २००६ मध्ये कूपनलिकेत पडलेल्या लहान मुलाला लष्कराच्या जवानांनी सुमारे ५० तासांनी जिवंत बाहेर काढले, तेव्हा सारा देश आनंदला. पुढेही मुले पडत राहिली. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नियम घालून दिले: खोदकामाची सूचना आगाऊ द्यावी, भोवती कुंपण व फलक असावा, नळीच्या तोंडावर झाकण बसवावे, निकामी कूपनलिका तळापासून वरपर्यंत बुजवावी. हे नियम पाळायला ना धाडस लागते, ना यंत्रसामग्री.

आमच्या वसईच्या पट्ट्यात विहिरी आणि बावखले ही आपल्या पूर्वजांच्या कष्टांची खूण. त्यांच्याच पाण्यावर केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्या पोसल्या. आज कित्येक वाड्या इमारतींखाली गेल्या आहेत, कित्येक विहिरी वापराविना गवतात दडल्या आहेत. धर्मग्रामातील तरुणांनी एखादा रविवार काढून आपल्या आळीतील उघड्या विहिरी आणि कूपनलिका मोजाव्यात, मालकांना भेटावे, झाकणे बसवून घ्यावीत. आणि पुरात, आगीत, अपघातात धावून गेलेला कोणी तरुण आपल्यात असेल, तर त्याला शाल अवश्य द्यावी. परंतु महिन्याभराने, वर्षभराने त्याच्या घरी जावे, त्याच्या शेजारी बसावे, त्याला झोप लागते का हे विचारावे. ज्याच्या प्रयत्नांना यश आले नाही, त्याच्या घरी तर आधी जावे.