पणजीची निळी भिंत आणि तिची गल्लीपर्यंतची वाट

पणजीच्या आझाद मैदानासमोर इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाची इमारत आहे. आत पाऊल टाकले की प्रवेशदालनाच्या भिंतींवर निळ्या रंगातली जहाजे आणि दर्यावर्दी दिसतात. कामोइंश या कवीच्या ‘लुझियाद’ महाकाव्यातले हे प्रसंग १९३५ साली जॉर्ज कोलासो या पोर्तुगीज चित्रकाराने टाइल्सवर उतरवले. पोर्तो शहरातल्या साओ बेंतो रेल्वे स्थानकातल्या सुमारे वीस हजार टाइल्सही त्याच्याच हातच्या. संस्था १८७१ची, तेव्हा तिला वास्को द गामाचे नाव होते. गोवा मुक्त झाल्यावर लुईस द मिनेझिस ब्रागांझा या पोर्तुगीज राजवटीवर निर्भीड टीका करणाऱ्या पत्रकाराचे नाव तिला दिले गेले. नाव बदलले, भिंत राहिली. ती राहिली हे फार चांगले झाले. ज्यांनी राज्य केले त्यांच्या बढाईचे चित्र आणि ज्याने त्यांना जाब विचारला त्याचे नाव एकाच छताखाली असणे, हा इतिहास सांगण्याचा प्रामाणिक मार्ग आहे.

या टाइल्सना पोर्तुगीजमध्ये अझुलेजो म्हणतात. कला मूळची मूरांची, स्पेनमधल्या सेव्हिलमार्गे ती पंधराव्या-सोळाव्या शतकात पोर्तुगालला पोहोचली. चिनी आणि डच भांड्यांची निळी-पांढरी छटा तिला पुढे सतराव्या शतकात लागली. गोव्यात मात्र ती पाहायला मिळाली, शिकायला नाही. भिंती इथल्या, हात तिकडचे, असाच तो व्यवहार होता.

हे चित्र पालटले ते ओर्लांदो द नोरोन्हा यांनी. पोर्तुगालमध्ये ही कला शिकून आल्यावर त्यांनी १९९८ साली पणजीत ‘अझुलेजोस द गोवा’ ही कार्यशाळा सुरू केली. पोर्तुगीज राजवट जाऊन तेव्हा सदतीस वर्षे होत आली होती. नोरोन्हा वादकही आहेत, पोर्तुगीज गिटार वाजवतात. गोव्याचा मांडो आणि पोर्तुगालचा फादो या गाण्यांसाठी त्यांनी पुढे पणजीत ‘माद्रागोआ’ नावाची बैठकीची जागाही उघडली. एकच माणूस दोन कलांना घर देतो, हे विशेष आहे.

हे काम किती चिवट आहे ते जवळून पाहिले तरच कळते. पारंपरिक पद्धतीत भाजलेल्या मातीच्या टाइलवर पांढऱ्या झिलईचा थर देतात आणि तो कच्चा असतानाच रंगवतात. आधी कागदावर चित्र काढायचे, रेषांवर सुईने बारीक भोके पाडायची, कागद टाइलवर ठेवून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावर हलकेच आपटायची. काळ्या ठिपक्यांची वाट उमटते, तिच्यावरून कुंचला फिरतो. कच्ची झिलई पाणी लगेच शोषून घेते, त्यामुळे चुकलेली रेघ पुसता येत नाही. शिवाय कोबाल्टचा रंग भट्टीत जाण्यापूर्वी निळा नसतोच, काळपट-करडा असतो. सुमारे हजार अंशांच्या आचेतून निघाल्यावर तो निळा होतो. म्हणजे रंगवणाऱ्याला जे डोळ्यांपुढे नाही तेच मनात धरून काम करावे लागते. मोठे चित्र असेल तर प्रत्येक टाइलच्या पाठीवर अक्षर-आकडा घालतात. त्याखेरीज गवंड्याला कोणती कुठे बसवायची ते कळणार नाही.

गोव्यात ही टाइल गाजली ती भव्य चित्रांमुळे नाही. लोकांना ती आपली वाटली घराच्या नावाची पाटी, घरक्रमांक आणि पणजीतल्या फोंतायनाश या जुन्या वस्तीमधल्या गल्लीबोळांच्या पाट्या झाल्यावर. आणि विषयही बदलला. दर्यावर्दी मागे पडले. मासळी विकणारी बाई, तियात्र या कोंकणी नाट्यप्रकाराचा रंगमंच, तावेर्ना म्हणजे दारूच्या गुत्त्यातले गप्पिष्ट आले. गोव्याचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांच्या चित्रांनाही टाइल फार मानवली. दाट, बारीक रेघांची ती गर्दी निळ्यावर खुलते. तंत्र परक्यांचे, माणसे आपली. या वाटचालीतली खरी कमाई मला इथे दिसते.

खुद्द पोर्तुगालही याच वाटेने गेला. १९५९मध्ये लिस्बनची मेट्रो सुरू झाली तेव्हा भूमिगत स्थानकांना उजेडाचा भास द्यायला मारिया काइल यांनी टाइल्सच निवडल्या. त्या काळी अनेकांना ही कला जुनाट वाटे. आज ‘ॲड फ्यूएल’ नावाने काम करणारा दिओगो माशादो रस्त्यावरच्या भिंतींवर जुन्याच नक्षीचा आव आणतो, जवळ गेले की तिच्यात आजच्या कार्टूनमधली चित्रविचित्र माणसे, प्राणी दडलेले सापडतात. २०१७पासून तिथे इमारतीच्या दर्शनी भागावरच्या टाइल्स परवानगीशिवाय काढायला कायद्याने मनाई आहे. आपल्याकडे जुना वाडा पाडताना नक्षीच्या फरशा राडारोड्यात जातात, ते आठवून वाईट वाटते.

आता पिंपरी-चिंचवडमधल्या आपल्या सांगवीचे. पवना-मुळेच्या काठच्या या गावाला टाइल अनोळखी नाही. जिन्याच्या कोपऱ्यात कोणी थुंकू नये म्हणून देवादिकांच्या टाइल्स आपणच लावतो. स्वच्छता मोहिमेत पुलांचे खांब आणि शाळांच्या भिंती ऑइल पेंटने रंगतात, दोन-तीन पावसाळ्यांत पोपडे निघतात, पुन्हा निविदा निघते. भाजलेली टाइल शतकभर उन्हापावसात टिकते. पिंपरी-चिंचवड महापालिकेने एखाद्या वर्षी रंगाच्या खर्चातला थोडा भाग यासाठी ठेवावा. एक शाळा निवडावी, मुलांकडून नदीकाठ, जत्रा, कारखान्याची पाळी सुटल्यावरची गर्दी यांची चित्रे काढून घ्यावीत आणि जाणत्या कारागिराकडून ती भाजून भिंतीला बसवावीत. तोवर सोसायट्यांनी निदान आपल्या इमारतीच्या नावाची पाटी हाताने रंगवलेल्या टाइलची करून पाहावी. पणजीत ही टाइल लोकांची झाली ती तिथूनच.