उन्हाळी उमेदवारी, अमेरिकी गोमांस उद्योगातील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पशुविज्ञान, पशुवैद्यक, कुरणशास्त्र किंवा कृषी अर्थशास्त्र शिकणारे विद्यार्थी मेच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंतच्या सुटीत गोमांस उद्योगात दहा-बारा आठवडे काम करतात. कोणी मांसासाठी गुरे वाढवणाऱ्या रँचवर जातो, कोणी गुरे पुष्ट करणाऱ्या फीडलॉटवर, कोणी मांस कारखान्यात किंवा पशुपालकांच्या संघटनेत. या कामाला तेथे इंटर्नशिप म्हणतात. उस्तादाच्या हाताखाली राहून धंदा शिकणे या अर्थाचा मराठीतला जुना ‘उमेदवारी’ हा शब्द तिला अधिक जवळचा आहे, कारण येथे विद्यार्थी पाहुणा नसतो. पहाटेच्या पाळीला तो इतर गड्यांबरोबर उभा असतो. टेक्सस, नेब्रास्का, कॅन्सस, ओक्लाहोमा, कोलोरॅडो व आयोवा ही राज्ये या उमेदवारीची मुख्य क्षेत्रे आहेत.

तिची मुळे १८६२ च्या मॉरिल कायद्यात आहेत. अब्राहम लिंकन यांनी सही केलेल्या या कायद्याने राज्यांना सरकारी जमिनी मिळाल्या आणि त्यांच्या उत्पन्नातून शेती व यंत्रविद्येची महाविद्यालये उभी राहिली. १८८७ च्या हॅच कायद्याने प्रयोगक्षेत्रे आली, १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने विस्तारकार्य आले. काम आणि अभ्यास आलटून-पालटून करण्याची कल्पना मात्र शेतीबाहेरची. सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ साली ती अभियांत्रिकीसाठी सुरू केली. शेतीशाळेच्या पातळीवर मॅसॅच्युसेट्समध्ये रूफस स्टिमसन यांनी १९०८ पासून विद्यार्थ्याने घरच्याच शेतावर प्रकल्प करण्याची पद्धत रुजवली. त्या काळच्या मुलांना घरचे शेत होते. आज पशुविज्ञानाच्या वर्गात शहर-उपनगरांतून आलेली, मोठे जनावर कधी हाताळलेले नसलेली मुले पुष्कळ असतात. दुसऱ्या बाजूला २०२२ च्या कृषिगणनेनुसार अमेरिकी शेतकऱ्याचे सरासरी वय ५८.१ वर्षे आहे आणि १ जानेवारी २०२५ रोजी देशातील गोवंशाची संख्या ८ कोटी ६७ लाखांवर, म्हणजे १९५१ नंतरच्या नीचांकावर होती. बापाकडून मुलाकडे जाणारी जनावराची पारख आता पुष्कळदा तिऱ्हाइताच्या मुलाला द्यावी लागते, आणि ते काम उन्हाळी उमेदवारी करते.

रँचवरील उमेदवारीचा नमुना म्हणून नेब्रास्कातील सँडहिल्स हा प्रदेश पाहावा. सुमारे ५० हजार चौ. किमी. पसरलेल्या या वाळूच्या टेकड्या गवताने बांधून ठेवल्या आहेत. नांगर घातला तर वाळू उडू लागते, म्हणून येथे गाय चरवणे हाच जमिनीचा खरा उपयोग. व्हिटमन गावाजवळ नेब्रास्का विद्यापीठाचे गुडमंडसन सँडहिल्स संशोधन केंद्र आहे. १९७८ साली दान मिळालेली ही रँच सुमारे १२,८०० एकरांची आहे. अशा ठिकाणी उमेदवार तारेचे कुंपण दुरुस्त करतो, पवनचक्क्या आणि पाण्याच्या टाक्या तपासतो, कुरण किती चरले गेले ते मोजून कळप पुढे हलवतो, माजाचे नियमन करून कृत्रिम रेतन करायला मदत करतो आणि जुलैत गवत कापून वाळवतो.

येथे या व्यवस्थेतला एक दोष स्पष्ट सांगितला पाहिजे. गोपालनाचे वर्ष महाविद्यालयाच्या वेळापत्रकावर चालत नाही. उत्तरेकडील बहुतेक रँचवर गाई फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये वितात आणि वासरे ऑक्टोबरच्या सुमारास, सहा ते आठ महिन्यांची झाल्यावर, आईपासून तोडतात. अडलेली गाय, बर्फात गारठलेले वासरू, दूध तोडल्यावर तीन-तीन रात्री चालणारे हंबरणे आणि गाभण नसलेली गाय ठेवायची की विकायची हा कठीण निर्णय हे सगळे उन्हाळ्याच्या बाहेर पडते. जूनमध्ये आलेल्या मुलाला हिरवे कुरण आणि निरोगी वासरे दिसतात. वर्षातला सर्वांत सोपा काळ पाहून तो परततो. म्हणून चांगले रँचमालक त्याला मागच्या वसंतातील विण्याच्या नोंदवह्या वाचायला बसवतात आणि शक्य असेल तर वासरे तोडताना दोन दिवसांसाठी परत बोलावतात.

फीडलॉटची गोष्ट वेगळी. तेथे वर्षभर जनावरे येत-जात असतात, त्यामुळे उन्हाळ्यातही काम पूर्ण दिसते. सुमारे २५० ते ३५० किलो वजनाचे गोऱ्हे व कालवडी येथे चार-सहा महिने मका, इथेनॉल कारखान्यातील मक्याचा चोथा, मुरघास आणि थोडी वैरण खाऊन ६०० किलोंच्या पुढे जातात. उमेदवाराचा दिवस उजाडण्याआधी गव्हाण वाचण्यापासून सुरू होतो. लांबच लांब सिमेंटच्या गव्हाणीत रात्रीचा किती खुराक उरला, तो कसा उरला, जनावरे गव्हाणीशी उभी आहेत की लांब बसली आहेत, हे पाहून त्या दिवशीचा खुराक ठरतो. साउथ डकोटा स्टेट विद्यापीठात घडलेल्या पद्धतीत गव्हाणीला ० ते ४ गुण देतात: ० म्हणजे चाटून स्वच्छ, ४ म्हणजे खुराकाला तोंडच लावलेले नाही. अंदाज चुकून गव्हाण बराच वेळ रिकामी राहिली की पुढच्या वेळी भुकेली जनावरे तुटून पडतात, कोठीपोटात आम्ल वाढते आणि मग दोन-दोन दिवस ती खातच नाहीत. एका गुणाच्या चुकीची किंमत शेकडो जनावरांच्या पोटात दिसते. हे पुस्तकात चार ओळींचे आहे, पण अनुभवी माणसाच्या गाडीत शेजारी बसून महिनाभर रोज पाहिल्याशिवाय ते डोळ्यांत उतरत नाही.

दुसरे शिक्षण घोड्यावरचे. पेन रायडर म्हणजे वाड्यावाड्यांतून घोड्यावर फिरून आजारी जनावर हेरणारा. गाय-बैल मूळचे शिकार होणारे प्राणी असल्याने ते दुखणे लपवतात, घोडेस्वार जवळ आला की मान उचलून ताजेतवाने दिसतात. पडलेले कान, रिकामी डावी कूस, कळपापासून एक पाऊल मागे राहणे, एवढ्याच खुणा मिळतात. फीडलॉटमधील सर्वांत घातक आजार श्वसनाचा असतो आणि पहिल्या काही आठवड्यांत तो लवकर ओळखला तरच उपचार लागू पडतो. नव्या गुरांना खोड्यात घेऊन लस टोचणे, कानात बिल्ला बसवणे हे कामही उमेदवाराकडे येते. टोचणी मानेतच द्यायची, हा नियम त्याला पहिल्याच दिवशी शिकवतात. १९९१ च्या पहिल्या राष्ट्रीय गोमांस गुणवत्ता तपासणीत मौल्यवान भागांतील टोचणीचे व्रण हा मोठा दोष आढळला होता आणि तो हटवण्यात या नियमाचा वाटा आहे.

उन्हाळा फीडलॉटवर धोकाही आणतो. जून २०२२ मध्ये नैऋत्य कॅन्ससमध्ये तापमान व दमटपणा एकदम वाढला, वारा पडला, रात्रीही गारवा आला नाही आणि किमान २,००० जनावरे दगावली. म्हणून धाप मोजणे, खुराकाचा मोठा वाटा संध्याकाळी देणे, पाण्याच्या जादा टाक्या लावणे आणि दुपारी जनावरे न हलवणे हे उमेदवाराच्या शिक्षणातले महत्त्वाचे धडे ठरतात.

जनावर हाकण्याची रीत गेल्या काही दशकांत बदलली. आरडाओरडा आणि विजेची काठी यांऐवजी जनावराच्या खांद्याशी असलेला समतोलबिंदू आणि त्याच्याभोवतीचे बुजण्याचे अंतर ओळखून शांतपणे चालायचे. या बदलात टेंपल ग्रँडिन यांचे नाव अग्रभागी आहे. किशोरवयात ॲरिझोनातील मावशीच्या रँचवर राहायला गेल्या असताना त्यांनी गुरांना दोन्ही बाजूंनी दाबून धरणारा खोडा पाहिला. त्या दाबाने जनावर शांत होते हे पाहून स्वतःच्या अस्वस्थतेवर उतारा म्हणून त्यांनी तसेच यंत्र बनवले. त्या मुक्कामाला कोणी उमेदवारी म्हटले नव्हते. पुढे कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात प्राध्यापक झालेल्या ग्रँडिन यांनी आखलेल्या वळणदार वाटा आणि कत्तलखान्यांच्या तपासणीचे निकष उद्योगभर पसरले.

मांस कारखान्यातील उमेदवार शीतगृहात मांसाची प्रतवारी शिकतो: स्नायूत विखुरलेली चरबी पाहून प्राइम, चॉइस, सिलेक्ट, आणि उताऱ्यानुसार १ ते ५. रँचवरील पैदाशीचा निर्णय अखेरीस येथे उघड होतो. नॅशनल कॅटलमेन्स बीफ असोसिएशन ही संघटना वॉशिंग्टनमधील कार्यालयात धोरणविषयक उमेदवारी देते.

मोबदला बहुधा तासावर असतो आणि दूरच्या रँचवर राहण्याची सोयही होते. १९३८ च्या श्रममानक कायद्यात शेतमजुरीला जादा तासांच्या वाढीव दरातून सूट आहे, त्यामुळे गवतकापणीच्या हंगामात साठ-सत्तर तासांचा आठवडाही साध्या दराने भरू शकतो. शिकण्याच्या नावाखाली स्वस्त मजुरी घेण्याची वाट यातून मोकळी राहते. विद्यार्थ्याने लेखी आराखडा, देखरेख करणारी व्यक्ती आणि साप्ताहिक सुटी आधी ठरवून घ्यावी. जनावरांच्या धडका, ट्रॅक्टर आणि ऊन हे तीन धोके खरे आहेत. परदेशी विद्यार्थी बहुधा जे-१ व्हिसावर येतात.

टेक्ससच्या रँचवर गेलेल्या मराठी विद्यार्थ्याला एक ओळखीची खूण भेटते. अमेरिकी ब्राह्मण ही उष्णता आणि गोचीड सोसणारी गुरांची जात कांकरेज, गीर, ओंगोल आणि कृष्णा खोऱ्यातील गोवंशापासून घडली. तिचे वशिंड आणि गळ्याखालची लोंबती पोळी पाहिली की कृष्णाकाठ आठवावा. टेक्ससमधीलच किंग रँचवर शॉर्टहॉर्न जातीशी तिचा संकर करून झालेली सांता गर्ट्रुडिस जात १९४० मध्ये मान्यता पावली.

महाराष्ट्रात २०१५ पासून गायीप्रमाणे बैल व वळूंच्या कत्तलीवरही बंदी असल्याने या उद्योगातील उमेदवारी येथे नाही. तिच्या जवळ जाणाऱ्या दोन व्यवस्था मात्र आहेत. कृषी पदवीचे विद्यार्थी ‘कृषिदूत’ व ‘कृषिकन्या’ म्हणून खेड्यांत ग्रामीण कार्यानुभव घेतात. पशुवैद्यक पदवीला बारा महिन्यांची सक्तीची आंतरवासिता आहे. तिच्यात दवाखाने, प्रक्षेत्रे आणि गावे फिरताना विद्यार्थ्याला पावसाळ्यातील घटसर्प, हिवाळ्यातील वेत आणि उन्हाळ्यातील वैरणटंचाई ही तिन्ही एकाच वर्षात दिसतात.