व्हॅनचं घर करायचंय? आधी बॅटरीचं गणित मांडा

जुनी ओम्नी किंवा ईको घ्यायची, मागे प्लायचा बेड बनवायचा आणि शुक्रवारी रात्री कोकणात निघायचं. रील बघताना हा बेत एकदम सोपा वाटतो. बेड, कप्पे, पडदे ही कामं सुताराकडून होऊनही जातात. गाडं अडतं ते विजेवर. आणि इथली चूक नुसती महाग पडत नाही, तिच्यामुळे गाडी पेटू शकते. म्हणून आधी विजेचं गणित समजून घेऊ.

गाडीची मूळ बॅटरी का चालत नाही?

ती इंजिन सुरू करण्यासाठी असते. काही सेकंद खूप जास्त करंट द्यायचा, एवढंच तिचं काम. रात्रभर फ्रिज आणि पंखा तिच्यावर चालवला तर सकाळी गाडी सुरूच होणार नाही. असं वारंवार झालं तर बॅटरी कायमची खराब होते. म्हणून कॅम्परसाठी दुसरी, वेगळी बॅटरी लागते.

एमएएच नाही, वॅट-अवर बघा

तुमच्या फोनची बॅटरी साधारण ५,००० एमएएच असते. व्हॅनची १०० एएच बॅटरी म्हणजे १,००,००० एमएएच. मग फक्त २० पट मोठी? नाही. व्होल्टेज वेगळं आहे. फोनचं सुमारे ३.८५ व्होल्ट, म्हणजे जवळपास १९ वॅट-अवर. व्हॅनच्या लिथियम बॅटरीचं १२.८ व्होल्ट, म्हणजे १,२८० वॅट-अवर. फरक ६६ पटींचा!

आता एका दिवसाचा खर्च मांडू:

- १२ व्होल्टचा छोटा फ्रिज: ४० वॅट, पण कॉम्प्रेसर साधारण ४० टक्के वेळच चालतो. २४ तासांत ३८४ वॅट-अवर
- पंखा: २५ वॅट, ८ तास = २०० वॅट-अवर
- दोन एलईडी: प्रत्येकी ५ वॅट, ४ तास = ४० वॅट-अवर
- दोन फोन आणि एक लॅपटॉप: सुमारे १०० वॅट-अवर

एकूण ७२४ वॅट-अवर. लेड-ॲसिड बॅटरी टिकवायची असेल तर निम्मीच वापरावी लागते. म्हणजे १०० एएचमधून जेमतेम ६०० मिळतात, पुरणार नाहीत. लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी बॅटरी ८० टक्के वापरली तरी हजारच्या वर मिळतात. फक्त शून्य अंशाखाली एलएफपी चार्ज करायची नाही. थंडीत स्पिती-लडाखला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

चार्ज कशी करायची?

एलएफपी बॅटरी थेट अल्टरनेटरला जोडू नका. ती इतका करंट ओढू शकते की अल्टरनेटर तापून जळेल. मधे डीसी-डीसी चार्जर हवा. २० अँपिअरचा चार्जर चार तासांच्या ड्राइव्हमध्ये जवळपास हजार वॅट-अवर भरतो. मात्र तुमच्या गाडीचा अल्टरनेटर तेवढा लोड झेपवतो का, ते आधी तपासा. टपावरचं १०० वॅटचं सोलर पॅनेल उन्हाळ्यात दिवसाला साधारण ३५०-४०० देतं. पावसाळ्यात त्याच्या भरवशावर राहू नका.

आग कुठे लागते?

१,००० वॅटचं उपकरण घरी २३० व्होल्टवर साधारण ४.३ अँपिअर घेतं. तेवढीच पॉवर १२ व्होल्टच्या बॅटरीतून घ्यायची तर ८३ अँपिअर लागतात. वायरमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे तीच वायर वापरली तर साडेतीनशे पटींहून जास्त उष्णता! घरातली उरलेली वायर इथे का चालत नाही, ते आता कळलं असेल.

फ्यूज उपकरणासाठी नसून वायरसाठी असतो. तो बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलच्या अगदी जवळ लावा आणि वायरच्या क्षमतेपेक्षा कमी अँपिअरचा निवडा. फ्यूज सारखा उडतोय म्हणून मोठा फ्यूज टाकणं म्हणजे आगीला आमंत्रण. पत्र्यातून वायर नेताना रबरी ग्रॉमेट लावा, नाहीतर गाडीच्या हादऱ्यांनी इन्सुलेशन घासून शॉर्ट होतं.

इंडक्शनचा नाद सोडा. १,८०० वॅट म्हणजे १५० अँपिअर. गॅसची शेगडी वापरायची तर गाडीबाहेर. बंद व्हॅनमध्ये साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो.

आणि आरटीओ?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशीलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल करता येत नाही. आसनसंख्या हा त्यातलाच तपशील. कायमच्या सीट काढून बेड बसवला तर दंड होऊ शकतो आणि अपघातानंतर विम्याचा क्लेमही अडकू शकतो. त्यामुळे सुटं होणारं सामान बरं: दुमडलेल्या सीटवर घालायचा फोल्डिंग बेड आणि पट्ट्यांनी घट्ट बांधलेल्या पेटीत बॅटरी, चार्जर, फ्यूज बॉक्स. तरीही ड्रिल हातात घेण्याआधी आरटीओत एकदा विचारून या.

आधी वरची यादी तुमच्या वापराप्रमाणे कागदावर लिहा. बॅटरी किती मोठी घ्यायची, ते त्या बेरजेतूनच ठरेल.