कुलकर्णी : हुद्द्याचे आडनाव

मराठी मुलखात कुलकर्णी आडनावाची घराणी इतकी आहेत की त्यांचे मूळ एका पुरुषात शोधणे व्यर्थ ठरते, कारण हे आडनाव रक्ताच्या नात्याचे नसून हुद्द्याचे आहे. ‘कुळ’ म्हणजे जमीन कसणारे आणि सारा भरणारे कुटुंब व ‘करण’ म्हणजे लेखनिक, या दोन शब्दांपासून ते बनले असे सामान्यतः मानले जाते. ‘कर्णिक’ हे आडनाव आणि तेलुगू मुलखातील ‘करणम’ हा गावाचा हिशेबनीस ही त्याच शब्दाची भावंडे होत. गावात पाटील वसूल जमवी आणि कुलकर्णी कोणत्या कुळाकडे किती जमीन, किती सारा आला, किती थकला, हे मोडी लिपीत टिपून ठेवी. परगण्याच्या, म्हणजे अनेक गावांच्या समूहाच्या, पातळीवर हेच काम देशपांडे करीत. या कामाच्या मोबदल्यात इनाम जमीन आणि ठरावीक हक्क मिळत, व हे सारे वंशपरंपरेने चालत असल्यामुळे त्यास वतन म्हणत. लिहिणे ज्याच्या हाती त्याचा दरारा गावावर असणे ओघानेच आले आणि त्या दराऱ्याचा गैरवापर झाल्याच्या तक्रारीही काही थोड्या नव्हत्या.

प्रत्येक गावाला कुलकर्णी लागत असल्यामुळे देशस्थ, कऱ्हाडे, कोकणस्थ, कायस्थ प्रभू आणि कर्नाटकाच्या सीमेलगत लिंगायत, अशा परस्परांशी सोयरीक नसलेल्या घरांत हे एकच उपनाम रुजले. ज्ञानेश्वरांचे पूर्वज पैठणजवळच्या आपेगावचे कुलकर्णी होते असे परंपरा सांगते. त्यांना मात्र या आडनावाने कोणी ओळखत नाही.

कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1918 मध्ये हे वतन रद्द करून पगारी तलाठी नेमले, तर मुंबई राज्यात 1950 च्या परगणा व कुलकर्णी वतने निर्मूलन कायद्याने उरलेली वतने संपवली. हुद्दा गेला तरी आडनाव राहिले, आणि दप्तराशी काडीचाही संबंध नसलेल्या क्षेत्रांत पसरले. कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी 1982 मध्ये सेकंदाला सुमारे 642 वेळा स्वतःभोवती फिरणाऱ्या ताऱ्याच्या, म्हणजे पहिल्या मिलिसेकंद पल्सारच्या, शोधातील एक संशोधक ठरले. मराठी साहित्यात तर या नावाची एवढी गर्दी झाली की आद्याक्षरांवाचून ओळख पटेना: धारवाडात राहून कथा लिहिणारे जी. ए., व्युत्पत्तिकोशकार कृ. पां., समीक्षक वा. ल. आणि द. भि. यांची आडनावे वाचक बहुधा उच्चारतही नाहीत. चित्रपटसृष्टीत मात्र हाही उपाय चालला नाही, कारण तेथे दोन अभिनेत्री सोनाली कुलकर्णीच आहेत.