परसातली पेटी आणि अस्वलाचा वाटा

बाभुळगावात आमच्या परसात मधमाश्यांची एक लाकडी पेटी होती. मुंग्या चढू नयेत म्हणून तिचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेले असत. मुंग्यांचा बंदोबस्त झाला. पण एका पहाटे पेटी आडवी पडलेली, चौकटी विखुरलेल्या आणि पोळी चघळून टाकलेली दिसली. कुणी उदमांजराचं नाव घेतलं, कुणी माकडांचं. अब्बा एवढंच म्हणाले, "चोर म्हणू नका. त्याचाही वाटा असतो."

हे भांडण पेटीपेक्षा फार जुनं आहे. रामायणात सुग्रीवाचं मधुवन आहे आणि त्याचा राखणदार आहे दधिमुख, खुद्द सुग्रीवाचा मामा. सीतेचा शोध लावून परतलेले वानर त्या वनात शिरले, मध प्यायले आणि अडवणाऱ्या दधिमुखाला त्यांनी बदडलं. अस्वलांचा राजा जांबवंतही त्या तांड्यात होता. मामा तक्रार घेऊन गेला, तर सुग्रीव रागावण्याऐवजी खूश झाला! काम फत्ते झाल्याशिवाय हे असे माजणार नाहीत, हे त्यानं ओळखलं.

आपल्याकडच्या अस्वलाला वरचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वाळवी ओढून घेतं. तो आवाज दूरवर ऐकू येतो. मधासाठी ते झाडावर चढतं, डंख सोसतं. रशियन भाषेत तर अस्वलाच्या नावाचा मूळ अर्थच मध खाणारा असा आहे. तिकडचे लोक झाडातल्या मोहोळासमोर लाकडाचा ओंडका टांगत. अस्वलानं तो ढकलला की तो परत येऊन त्यालाच बसे.

आपल्याकडे मध कडेकपारीत आणि ढोलीत असायचा. आग्या माशी उघड्यावर पोळं बांधते, ती पेटीत राहत नाही. सातेरी मात्र ढोलीत राहणारी, म्हणून ती पेटीत रमते. 1851 मध्ये अमेरिकेत लँगस्ट्रॉथ या पाद्र्यानं दोन पोळ्यांमधल्या नेमक्या फटीचं गणित ओळखलं आणि पोळं न मोडता काढता येईल अशी चौकटींची पेटी तयार झाली. 1934 मध्ये गांधीजींनी वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला. कुमारप्पा त्याचे चिटणीस. मधमाशीपालन हाही त्यांच्या ग्रामोद्योगांपैकी एक. वर्धा आम्हाला काही फार लांब नाही. पुढे महाबळेश्वरच्या डोंगरात हा धंदा रुजला आणि 2022 मध्ये तिथलं मांघर देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं.

कुराणातल्या अन-नहल या सूरेत मधमाशीला डोंगरात, झाडांवर आणि माणसं जे उभारतात त्यात घर करायला सांगितलं आहे. लहानपणी मला वाटायचं, ते तिसरं घर म्हणजे आमचीच पेटी. पण ढोलीतला मध या पेटीनं गुडघ्याच्या उंचीवर आणून ठेवला, आणि अस्वल त्या दिवसापासून चोर ठरलं.

अर्थात राखणदाराचीही बाजू आहे. विदर्भात अस्वलाच्या हल्ल्यांत माणसं जखमी होतात, दगावतात. मेळघाटात किंवा बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यालगत अस्वल दारात आलं, तर वाट्याची भाषा तोंडून निघणं कठीण. गंमत अशी की हत्ती याच माश्यांना भितो. 2021 मध्ये खादी आणि ग्रामोद्योग आयोगानं कर्नाटकात कोडगूच्या जंगलाकडेला हत्तींच्या वाटेवर पेट्या मांडल्या, त्यांनी शेतात येऊ नये म्हणून.

आमच्या पेटीत माश्या परतल्या नाहीत. पेटी बरीच वर्षं परसातच होती. अब्बा वाट्यांत पाणी घालत राहिले. ते चिमण्या प्यायच्या.