सातासमुद्रांपलीकडचे बिऱ्हाड

परदेशी शिक्षण घेतलेल्या भारतीयांच्या चरित्रांत पदव्या, गुरुजन आणि ग्रंथ यांची नोंद काळजीपूर्वक केलेली असते. परक्या शहरात त्यांनी बिऱ्हाड कसे मांडले, अन्नाची व्यवस्था कशी लावली, याचा उल्लेख मात्र ओझरता येतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा प्रश्न किरकोळ नव्हता. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि युरोपचा प्रवास सुकर झाला. परंतु सिंधुबंदीचा धाक ओसरला नव्हता. अन्न, वस्त्र आणि सहवास यांवरच जात टिकत वा बुडत असल्यामुळे विद्यार्थ्याच्या खोलीतील रोजच्या व्यवहारांवर मायदेशाची नजर असे. तीन विद्यार्थ्यांच्या अनुभवांतून या प्रश्नाचे बदलत गेलेले स्वरूप स्पष्ट होते.

पहिले उदाहरण आनंदीबाई जोशी यांचे. अमेरिकेस जाण्यापूर्वी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथे केलेल्या भाषणात त्यांनी आपण हिंदू म्हणूनच जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे जाहीर केले होते. ७ एप्रिलला पतीशिवाय कलकत्त्याहून निघालेल्या या अठरा वर्षांच्या विद्यार्थिनीला न्यूयॉर्कला पोहोचण्यास जून उजाडला. न्यू जर्सीतील रोझेल येथे थिओडिशिया कार्पेंटर यांच्या घरी त्यांना पहिला निवारा मिळाला. केवळ पत्रांतून जुळलेल्या या नात्याला आनंदीबाईंनी मावशीचे नाव दिले. रोझेलमध्ये घर होते. फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्यावर मात्र केवळ खोली उरली.

त्या खोलीत श्रीरामपूरच्या प्रतिज्ञेचा कस लागला. आनंदीबाईंनी शाकाहार सोडला नाही. नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या राहत आणि थंडी सोसवत नसे, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्यास सुरुवात केली. हा बदल दिसण्यात लहान, पण अर्थाने मोठा होता. देशी वेषाची मर्यादा राखून देहाचे रक्षण करण्याचा मार्ग त्यांनी शोधला होता. खोलीतील शेगडी मात्र धूर ओकत असे. धूर सोसावा की गारठा, एवढीच निवड हाती राहिली. १० ऑक्टोबर १८८५ च्या सुप्रसिद्ध छायाचित्रात जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबूली यांच्यासमवेत त्या आपापल्या देशाच्या वेषात दिसतात. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली, तेव्हा समारंभास पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. परंतु क्षयाने तोवर आनंदीबाईंची प्रकृती ढासळत चालली होती. मायदेशी परतल्यानंतर थोड्याच महिन्यांत, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात त्यांचे निधन झाले. अन्न-वस्त्राचे नियम पाळण्याची किंमत त्यांनी देहाने मोजली, असे म्हणताना अभ्यासाचा ताण आणि परके हवामानही विसरता येत नाही. पण त्या नियमांचा भार त्यांच्या दुर्बल देहावर होता, हे नाकारता येणार नाही.

मोहनदास गांधी ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून निघाले, तेव्हा मोढ वाणी समाजाच्या पंचांनी त्यांना आधीच जातिबाह्य ठरवले होते. त्यांना मदत करणाऱ्यास किंवा निरोप द्यायला जाणाऱ्यास सव्वा रुपया दंडही फर्मावला होता. म्हणजे जात बुडण्याची भीती त्यांच्यापुरती संपली होती. उरला होता तो आईला दिलेला शब्द. मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याच्या या शब्दामुळे लंडनमध्ये पहिले काही दिवस त्यांना अर्धपोटी काढावे लागले. घरमालकिणीकडे पावाचा आणखी एक तुकडा मागण्याचाही त्यांना संकोच वाटे. शहरभर पायपीट करताना फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी उपाहारगृह सापडले. तेथेच त्यांनी हेन्री सॉल्ट यांचे शाकाहारावरील पुस्तक विकत घेतले. पुढे खर्चाची वही ठेवून त्यांनी एकच खोली घेतली, स्टोव्ह विकत आणला आणि दिवसाकाठी सव्वा शिलिंगात जेवणखाण भागवले. येथे मुद्दा केवळ काटकसरीचा नाही. जो शाकाहार आईच्या शब्दाखातर पाळला जात होता, तो परदेशातील वाचनामुळे स्वतःच्या विचाराचा झाला. १८९१ मध्ये परतल्यावर मात्र बंधूंनी त्यांना प्रथम नाशिकला गोदावरीत स्नानासाठी नेले आणि मग राजकोटला जातभोजन घातले.

भीमराव आंबेडकर १९१३ च्या जुलैत न्यूयॉर्कला पोहोचले, ते बडोदे संस्थानाच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. त्यांच्या बाबतीत प्रश्नच उलटा होता. जे बिऱ्हाड इतरांना जात बुडण्याच्या भीतीचे ठिकाण होते, ते त्यांना जातीपासून सुटकेचे ठरले. कोलंबिया विद्यापीठाच्या वसतिगृहात ते नवल भथेना या पारशी मित्रासोबत राहिले; ही मैत्री जन्मभर टिकली. आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव परदेशातील वर्षांनी मनातून पुसून टाकली होती, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले. ती पुन्हा जागी झाली बडोद्याच्या स्थानकावर. १९१७ मध्ये करारानुसार नोकरीवर रुजू होण्यास आलेल्या या विद्वानाला राहण्यास जागा मिळेना. पारशी पथिकाश्रमात त्यांनी पारशी नाव धारण करून दिवस काढले. अखेर काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून निघून जाण्यास भाग पाडले. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंतचे तास त्यांनी कामाठी बागेत काढले.

या तीन बिऱ्हाडांच्या दरम्यान जेमतेम तीन दशकांचे अंतर आहे. पहिल्या विद्यार्थिनीने जातीचे नियम जपत ज्ञान मिळवले, दुसऱ्याने घरचा शब्द विचाराने तपासून आपलासा केला आणि तिसऱ्याला परक्या शहरात जे सहज मिळाले, ते आपल्या देशात नाकारले गेले. परदेशी रुजणे म्हणजे नव्या देशाची ओळख, एवढाच अर्थ या इतिहासातून निघत नाही. आपण मागे ठेवून आलेला देश कसा आहे, हेही त्या भाड्याच्या खोल्यांतूनच या विद्यार्थ्यांना उमगले. आणि परतीची वाट जाण्याच्या वाटेहून किती बिकट असू शकते, याची साक्ष कामाठी बागेतील ते तास देतात.